भेटवस्तू: देणाऱ्याचा क्षण आणि घेणाऱ्याचे पुढचे दिवस

धागाकर्ती

एखाद्यासाठी मनापासून निवडलेली वस्तू त्याच्या हाती ठेवतानाचा आनंद आणि नको असलेली वस्तू हसऱ्या चेहऱ्याने स्वीकारतानाची कोंडी, हे दोन्ही अनुभव बहुतेक सर्वांच्या वाट्याला आलेले असतात. त्याविषयी बोलताना आपण सहसा माणसांना दोष देतो: अमक्याला निवड करता येत नाही, तमक्याला कितीही दिले तरी समाधान नाही. मला मात्र असे वाटते की भेटीतली बरीचशी निराशा कंजूषपणातून किंवा कृतघ्नपणातून येत नाही. देणारा आणि घेणारा एकाच वस्तूकडे दोन निराळ्या वेळी पाहत असतात, त्यातून ती येते.

देणाऱ्याच्या मनात भेट उघडण्याचा क्षण असतो. वेष्टन निघेल, डोळे विस्फारतील, 'तुला कसे कळले?' असा उद्गार येईल, हे चित्र त्याने खरेदी करतानाच रंगवलेले असते आणि म्हणून त्याचा हात अनोख्या, देखण्या, मोठ्या दिसणाऱ्या वस्तूकडे वळतो. घेणाऱ्याच्या वाट्याला तो क्षण सरल्यानंतरचे सगळे दिवस येतात. त्याला वस्तूसाठी जागा करायची असते, तिच्यावरची धूळ पुसायची असते, बिघडली तर ती दुरुस्त करून आणायची असते आणि देणारा घरी येणार असेल तेव्हा ती दर्शनी भागात मांडण्याची आठवणही ठेवायची असते. जेफ गॅलक, ज्युलियन गिव्ही आणि एलनॉर विल्यम्स या अभ्यासकांनी २०१६ साली तोवरच्या संशोधनाचा एकत्रित विचार करून हेच मांडले होते की देणारे देवाणघेवाणीच्या क्षणावर लक्ष ठेवतात, तर घेणारे वस्तू आपल्याकडे राहील त्या सगळ्या काळाचा विचार करतात. पेटीत शोभणारे जड, सोनेरी पेन आणि रोज खिशात बाळगता येईल असे हलके पेन यांपैकी देताना कोणते उचलले जाते आणि मिळावे असे कोणते वाटते, एवढे स्वतःला विचारले तरी हा फरक ध्यानात येईल.

किमतीचेही तसेच आहे. महाग भेट दिली की समोरच्याला आपल्या भावनेची खोली कळेल, असा देणाऱ्याचा ठाम समज असतो. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी २००९ साली साखरपुड्याच्या अंगठ्यांपासून वाढदिवसाच्या भेटींपर्यंत या समजाची तपासणी केली. देणाऱ्यांना किंमत आणि कौतुक यांचा संबंध आहे असे वाटत होते, पण घेणाऱ्यांच्या उत्तरांत तो संबंध आढळला नाही. ऐपतीबाहेर जाऊन भेट देणाऱ्यांसाठी हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्या ओढाताणीचा लाभ बहुतेक वेळा कुणालाच होत नाही.

आपल्या सर्वांकडून मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. भेट देण्यापूर्वी 'तुम्हाला काय हवे?' असे विचारावे, की न विचारता निवडण्यातच भेटीचे सत्त्व आहे? आणि मिळालेली वस्तू नकोशी असेल तर तिचे प्रामाणिकपणे काय करावे?

कोरा कागद

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे: विचारावे. विचारण्यात प्रेम उणे पडते, ही समजूत मला मान्य नाही. ज्या माणसाला पुस्तके वाचायला आवडतात, त्याला पुस्तक देणे सोपे वाटते, पण त्याच्याकडे कोणती पुस्तके आधीच आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. जो माणूस एखाद्या छंदात मुरलेला असतो, त्याला त्या छंदाची साधने देणे तर सर्वांत अवघड असते. चित्र काढणाऱ्याला कोणता कागद चालतो, कोणता ब्रश त्याच्या हाताला बसतो, या गोष्टी त्याने अनेक वर्षांच्या सरावातून ठरवलेल्या असतात आणि बाहेरच्या माणसाला त्या कळणे शक्य नसते. अशा वेळी आपण छंद ओळखला म्हणून त्याला आनंद होतो, पण वस्तू मात्र कपाटात पडून राहते.

विचारण्याचीही एक रीत असते. 'काय हवे?' असा उघडा प्रश्न केला की संकोचाने 'काही नको' हेच उत्तर येते. त्याऐवजी 'या तिघांतले कोणते आवडेल?' असे विचारले, किंवा 'सध्या घरात कशाची अडचण होते?' असे बोलण्याच्या ओघात काढून घेतले, तर माणसे मोकळेपणाने सांगतात.

उंबरठा

मी नम्रपणे असहमती नोंदवतो. विचारून आणलेली वस्तू उपयोगी पडते यात शंका नाही, परंतु जी वस्तू मी स्वतः मागितली असती किंवा विकत घेतली असती, ती दुसऱ्याने आणून दिली तर माझी एक फेरी वाचली, इतकेच घडते. मला आयुष्यात ज्या भेटींनी खरोखर काही दिले, त्या मी कधीच मागितल्या नसत्या, कारण त्या वस्तू मला हव्याहव्याशा वाटतील याची मलाच कल्पना नव्हती. दुसऱ्या माणसाने माझ्याकडे पाहून माझ्यातली एक शक्यता ओळखली आणि ती वस्तूच्या रूपाने माझ्यासमोर ठेवली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने निरोपाच्या वेळी मला दुर्बीण दिली होती. पक्ष्यांविषयी मी त्यापूर्वी कधी बोललोही नव्हतो. खिडकीतून बाहेर पाहत राहण्याची माझी सवय मात्र त्यांनी टिपली होती. त्या दुर्बिणीने माझ्या सुट्ट्यांचे स्वरूप बदलले. 'काय हवे?' असा प्रश्न त्यांनी केला असता तर मी काहीतरी कामाची वस्तू सांगितली असती आणि ती एव्हाना झिजून गेली असती.

अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप मला माहीत आहे. जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात विद्यार्थ्यांना असे विचारले होते की मिळालेल्या भेटवस्तूंसाठी, त्यांचे भावनिक मोल बाजूला ठेवून, तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते. उत्तरे आणि प्रत्यक्ष किंमत यांच्या तुलनेवरून भेटींच्या मूल्याचा सुमारे दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो, असा अंदाज त्यांनी काढला. पण भावनिक मोल बाजूला ठेवल्यावर भेटीत उरते काय? ज्याच्यासाठी भेट दिली जाते, तेच वजा करून मोजमाप केले तर तोटाच दिसणार.

कोरा कागद

आपल्या दुर्बिणीची हकिकत मला फार आवडली, आणि ती वाचून माझे मत थोडे मवाळ झाले आहे. परंतु त्याच निबंधातील आणखी एक निष्कर्ष आपण सांगितला नाही. मित्रांकडून किंवा जोडीदाराकडून आलेल्या भेटींत मूल्य कमी वाया गेले होते, आणि आजी-आजोबा, काका-मावशी अशा, वयाने व सहवासाने दूर असलेल्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. म्हणजे न विचारता देण्याचा अधिकार सहवासातून मिळतो. आपल्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे बराच काळ लक्षपूर्वक पाहिले होते, म्हणून त्यांना विचारण्याची गरज पडली नाही. ज्यांना तसा सहवास लाभलेला नाही, त्यांनी विचारावे किंवा रोख रक्कम द्यावी, यात कमीपणा मानू नये.

उंबरठा

हे मला पूर्णपणे मान्य आहे.

पायवाट

आतापर्यंतची चर्चा निवड चुकण्याविषयी झाली. मला त्याहून अधिक बोचणारा प्रकार मांडायचा आहे. काही भेटी चुकून नकोशा होत नाहीत. त्यांत देणाऱ्याची एक सूचना दडलेली असते आणि घेणाऱ्याला ती अचूक कळते. वजन कमी करण्याचे साधन, त्वचा उजळण्याचे मलम, 'यशस्वी कसे व्हावे' छापाचे पुस्तक, आवरासावरीचे डबे या वस्तू स्वतःहून मागितल्या असतील तर उत्तम, परंतु न मागता मिळाल्या तर 'तू जशी आहेस तशी पुरेशी नाहीस' एवढेच त्यातून ऐकू येते. देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो, आणि म्हणून घेणारीला रागही व्यक्त करता येत नाही.

याच जातीची दुसरी भेट म्हणजे घरातील स्त्रीच्या वाढदिवसाला आणलेले घरकामाचे यंत्र. त्या यंत्राने संपूर्ण घराची सोय होते आणि ते चालवण्याचे काम मात्र तिच्याकडेच राहते. ते यंत्र अवश्य आणावे, परंतु घरखर्चातून आणावे आणि कोणत्याही साध्या दिवशी आणावे. वर्षातून एकदा येणाऱ्या तिच्या दिवशी तिला व्यक्ती म्हणून काय आवडते, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही, हे दुःख वस्तूच्या किमतीने भरून येत नाही. हे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि त्या बायकांना त्याविषयी कधी तोंड उघडताना पाहिलेले नाही, म्हणून येथे आवर्जून लिहिते आहे.

तळटीप

पायवाट यांचा प्रतिसाद वाचून मला घरातील काही गोष्टी नव्याने पाहाव्याशा वाटल्या, त्याबद्दल आभार.

मला परतफेडीविषयी लिहायचे आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात पॉलिनेशिया, मेलानेशिया आणि वायव्य अमेरिकेतील समाजांचे दाखले देऊन असे दाखवले होते की स्वेच्छेची दिसणारी भेट प्रत्यक्षात तीन बंधनांनी बांधलेली असते: द्यावे लागते, स्वीकारावे लागते आणि कालांतराने परत द्यावे लागते. या बंधनांतूनच माणसांचे आणि कुळांचे संबंध विणले जातात, म्हणून त्यांच्याकडे केवळ जाच म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. ज्याला कुणाचेच काही देणे लागत नाही, असा माणूस बहुधा कुणाशी जोडलेलाही नसतो.

पण या बंधनाचे वजन सर्वांना सारखे जाणवत नाही, आणि माझा मुद्दा तेथे सुरू होतो. ज्याचे उत्पन्न अधिक आहे, तो उदारपणे मोठी भेट देतो आणि विसरून जातो. ज्याचे उत्पन्न कमी आहे, त्याच्या डोक्यावर त्या दिवसापासून एक तारीख टांगलेली राहते. समोरच्याच्या घरातले पुढचे कार्य कधी आहे, तोवर तोलामोलाची वस्तू कशी जमवायची, हा विचार त्याची पाठ सोडत नाही, आणि अनेकदा तो त्या कार्याला जाणेच टाळतो. देणाऱ्याला वाटते की इतके करूनही याने पाठ फिरवली, आणि दोन्ही बाजूंनी माया असूनही संबंध सैल होतो. कार्यालयांतील वर्गणीतही हेच घडते. यादी सर्वांसमोर फिरते, वरच्या नावासमोर मोठा आकडा असतो आणि नुकताच नोकरीला लागलेला तरुण त्याच्याशी मिळताजुळता आकडा लिहितो. माझ्या एका जुन्या कार्यालयात यासाठी चांगली सोय केली होती. बंद लिफाफा फिरवला जाई, कुणी किती घातले याची नोंद नसे आणि शुभेच्छापत्रावर सर्वांची नावे सारख्याच अक्षरांत असत. इतक्या साध्या बदलाने तरुण मंडळींच्या चेहऱ्यांवरचा ताण गेलेला मी पाहिला आहे.

धागाकर्ती

तळटीप, आपण मांडलेले ओझे अनेकांनी सोसलेले असते आणि त्याविषयी फार क्वचित बोलले जाते. ज्यांची ऐपत अधिक आहे, त्यांनी जाणूनबुजून लहान भेट द्यावी, असे मला आपला प्रतिसाद वाचून वाटू लागले आहे. समोरच्याला सहज फेडता येईल एवढेच देणे, हीही एक उदारता आहे.

यानिमित्ताने एका प्रयोगाचा उल्लेख करते. एलिझाबेथ डन, लारा ॲकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. ते संध्याकाळी ५ वाजेपर्यंत खर्च करायचे होते, निम्म्यांनी स्वतःसाठी आणि निम्म्यांनी दुसऱ्यासाठी. दिवसअखेर दुसऱ्यासाठी खर्च केलेले लोक अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम ५ होती की २०, याने फारसा फरक पडला नाही. देण्याचा आनंद लहान रकमेतही मिळतो, असा याचा अर्थ मी घेते. म्हणजे मोठी भेट घेणाऱ्याला अधिक भावते असे नाही आणि देणाऱ्यालाही ती अधिक सुख देते असे नाही. मग तिचा आग्रह आपण कुणासाठी धरतो?

ओसरी

धाग्यातील दुसरा प्रश्न अजून कुणी घेतला नाही, म्हणून लिहितो. नकोशी वस्तू पुढे दुसऱ्याला देण्यात मला काहीही गैर वाटत नाही. भेट एकदा हातातून सुटली की ती घेणाऱ्याची झाली आणि तिचे काय करावे हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे. जी वस्तू दिल्यानंतरही देणारा 'कुठे ठेवली आहे?', 'वापरत का नाहीस?' असे विचारत राहतो, ती त्याने पूर्णपणे दिलेलीच नसते.

याबाबत आपण विनाकारण घाबरतो, असेही अभ्यासातून दिसते. गॅब्रिएल ॲडम्स, फ्रान्सिस फ्लिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २०१२ साली भेट पुढे देण्याच्या प्रथेचा अभ्यास केला. मूळ देणारा किती दुखावेल याविषयी घेणाऱ्यांनी केलेला अंदाज, देणाऱ्यांना प्रत्यक्षात वाटणाऱ्या दुःखापेक्षा बराच जास्त निघाला. भेट फेकून देणे देणाऱ्यांना खचितच अधिक लागले असते. मी स्वतः देताना आता स्पष्ट सांगतो की ही वस्तू उपयोगी पडली नाही तर निःसंकोच बदलून घ्या किंवा ज्याला लागेल त्याला द्या, आणि पावती सोबत ठेवतो. अशा बोलण्याने समोरच्याचा चेहरा मोकळा होतो, आणि मग आवडली किंवा नाही आवडली याचे खरे उत्तरही मिळते.

पथ्ये अर्थातच पाळावीत. वस्तू न वापरलेली असावी, तिच्यावर कुणाचे नाव नसावे, ती त्याच मित्रमंडळात फिरू नये, आणि हाताने विणलेली, रंगवलेली, लिहिलेली वस्तू कधीही पुढे देऊ नये. हातच्या वस्तूत कुणीतरी आपल्या आयुष्यातले तास घातलेले असतात.

पायवाट

हातच्या वस्तूविषयी आपले म्हणणे पटते, तरीही एक अडचण सांगते. काही जिव्हाळ्याची माणसे दर वर्षी हाताने काहीतरी करून देतात, आणि घरात अशा वस्तूंचा साठा इतका होतो की त्यांतली एकही नीट दिसत नाही. तेथे 'पुढे देऊ नये' हा नियम पाळणे शक्य होत नाही. मला वाटते की अशा वेळी करणाऱ्याशीच बोलावे. पुढची वस्तू आपल्या गरजेची आणि आपल्या मापाची करून मागावी. कष्ट वाया जात आहेत हे नंतर कळण्यापेक्षा, कशाचा उपयोग होईल हे आधी कळलेले करणाऱ्यालाही हवेच असते.

ओसरी

हा उपाय माझ्या मनात आला नव्हता, आणि तो माझ्या नियमापेक्षा अधिक चांगला आहे.

सायंतारा

मी वयाने येथील बहुतेकांपेक्षा मोठी आहे आणि घेणाऱ्यांच्या बाजूने काही सांगू इच्छिते. मुले आम्हा वृद्धांना चांगल्या वस्तू आणून देतात आणि मग तक्रार करतात की आई-वडील त्या वापरत नाहीत, कपाटात जपून ठेवतात. यात नापसंती असतेच असे नाही. ज्या पिढीने बराच काळ टंचाईत काढला, तिला नवी वस्तू रोजच्या वापरात काढणे हीच उधळपट्टी वाटते. त्यांना वस्तू वापरायला लावायची असेल तर पेटीतून काढून, वेष्टन फाडून, तिच्या जागी ठेवून द्यावी. शाल असेल तर खांद्यावर घालावी, दिवा असेल तर लावून द्यावा. बंद पेटीत दिलेली वस्तू बंदच राहते.

'कशाला आणलेस?' या आमच्या वाक्यानेही मुले दुखावतात, याची मला जाणीव आहे. त्या वाक्यात बहुतेक वेळा मुलांच्या खर्चाची काळजी असते. तरीही, समवयस्क वाचकांना माझी विनंती आहे की आपण ते वाक्य सोडून द्यावे. समोरच्याने दिलेले आनंदाने घेतल्यावर त्याला जे मिळते, ते आपण नकाराने हिरावून घेतो. म्हातारपणी मुलांना देण्यासारखे आपल्याजवळ फारसे काही उरत नाही, अशी खंत आपण करतो. मग निदान त्यांनी आणलेले मनापासून घेणे तरी आपल्या हाती आहे.

नवा वाचक

अतिशय वाचनीय धागा आहे. एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझ्या एका जवळच्या मित्राने निमंत्रणातच 'कृपया भेटवस्तू आणू नयेत' असे लिहिले आहे. तरीही लोक काहीतरी घेऊन जातातच, आणि रिकाम्या हाताने जाणारा एकटा पडतो. अशा वेळी त्याच्या शब्दाचा मान राखावा, की प्रघात पाळावा?

धागाकर्ती

शब्दाचा मान राखावा, आणि तो सर्वांसमोर राखावा. त्याने तसे लिहिले असेल तर घरातील जागेचा, पाहुण्यांच्या ऐपतीचा किंवा स्वतःच्या गरजांचा विचार करूनच लिहिले असेल. प्रत्येकाने 'मी मात्र जवळचा आहे' असे म्हणून काहीतरी नेले, तर त्याची विनंती केवळ औपचारिकता ठरते, आणि ज्याने ती प्रामाणिकपणे पाळली त्यालाच अपराधी वाटू लागते. आपण रिकाम्या हाताने गेलात तर तेथे संकोचून उभ्या असलेल्या आणखी कुणाला धीर येईल.

आपल्याला काही देण्याची ओढच असेल, तर त्याला पत्र लिहावे. केवळ शुभेच्छांचे नव्हे. त्याच्यामुळे आपल्या आयुष्यात नेमके काय झाले, हे प्रसंगासह सांगणारे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली अशा कृतज्ञतेच्या पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. पत्र लिहिणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा ते मिळालेल्यांना अधिक आनंद झाला होता, आणि लिहिणाऱ्यांनी गृहीत धरला होता तितका अवघडलेपणा त्यांना जाणवला नव्हता. पत्र समारंभात हाती देऊ नये. पाहुणे गेल्यावर, दोन दिवसांनी पोहोचेल असे पाठवावे, म्हणजे तो ते एकटा असताना सावकाश वाचू शकेल.